समुद्रात भेटलेले आपले शहर

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाही. मागच्या पिढीतील दांपत्यांस आपल्या लग्नाची तिथी आठवे, ती बहुधा मुलांच्या लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणजे. आता मात्र पंचवीस वर्षे पुरी झाली की पतिपत्नींनी चार दिवस कोठेतरी जाऊन यावे, असा परिपाठ पडू लागला आहे. आणि तो वाईट नाही. त्यातून मराठवाड्यातील माणसास ओढ असते ती समुद्राची. जेथे नळास पाणी केव्हा येईल यावर घरातील सारी कामे बेतावी लागतात, तेथील गृहिणीस डोळे भरून पाणी पाहावेसे वाटावे, यात नवल ते काय? छत्रपती संभाजीनगराहून मुरूड-जंजिऱ्यास गेलेल्या अशाच एका दांपत्याच्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

लग्न झाले त्याच वर्षी यजमानांनी पत्नीस समुद्र दाखविण्याचे वचन दिले होते. पुढे वडीलधाऱ्यांची आजारपणे निघाली, मुलांची शिक्षणे आली, घराचे हप्ते सुरू झाले, आणि ते वचन वर्षानुवर्षे मागे पडत गेले. बाईंनी ते कधी बोलून दाखविले नाही. पण त्या ते विसरल्याही नव्हत्या. पंचविसाव्या वर्षी वचन फिटले, ते असे.

सकाळी दोघे राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसली. समोर भर पाण्यात तो काळा तट उभा होता. होडी जवळ जाईपर्यंत या किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या आड तो अशा खुबीने दडविलेला आहे. दारापाशी भिंतीवर पंजांखाली हत्ती दाबून धरलेल्या श्वापदाचे शिल्प आहे. आत कलालबांगडी तोफ, सुरुलखानाच्या वाड्याच्या उंच पडक्या भिंती, आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची दोन तळी. इतर मंडळी तोफेपाशी छायाचित्रे काढीत होती. बाई मात्र तळ्याच्या काठावर थांबल्या.

“अहो, चहूकडे खारे पाणी, आणि मध्ये हे गोडे!” त्या म्हणाल्या. “हे पाणी नसते तर नुसत्या तटाने किल्ला टिकला असता का?”

यजमान म्हणाले, “एक दिवसही नाही.”

“मग आपल्या पाणचक्कीचे पाणी तरी कोठून येते हो? पंचवीस वर्षे त्या रस्त्याने जातो आहोत.”

यजमानांस उत्तर देता आले नाही. ते उत्तर मात्र जंजिऱ्याच्या इतिहासापासून फार दूर नाही. जंजिरा म्हणजे बेट. मूळ अरबी शब्दाचे हे आपल्याकडील रूप. येथील सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबशी, म्हणून या मुलखास हबसाण असेही नाव पडले. प्रथम ते निजामशाहीचे अंमलदार होते. त्याच निजामशाहीचा कारभार चालविणारा मलिक अंबर हाही हबशीच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे वजीर झाला आणि त्याने १६१० साली खडकी येथे शहर वसविले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. डोंगराच्या पोटातील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणि मातीच्या नळांनी त्याने शहरात खेळविले. पाणचक्की मागाहूनची, अठराव्या शतकातील. परंतु दूरचे पाणी जमिनीखालून आणून त्याच्या जोरावर जाते फिरविण्याची तिची रीत त्याच विद्येतील आहे. ज्याने गाव वसविले त्याने पाण्याची सोय आधी पाहिली, ही गोष्ट बेटावर जितकी खरी तितकीच पठारावर.

या शहराची पुढची नावेही जंजिऱ्याशी येऊन मिळतात. १६५३ साली दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाने त्यास औरंगाबाद हे नाव दिले. निजामशाही बुडाल्यावर आदिलशाहीत गेलेल्या सिद्द्यांनी १६७० च्या सुमारास याच बादशहाची चाकरी पत्करली. १६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांनी जंजिऱ्यास वेढा घातला, आणि समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधण्याचे धाडस आरंभिले. परंतु मोगलांच्या फौजा कल्याणकडे उतरल्याने महाराजांस माघारी जावे लागले. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये बादशहा स्वतः औरंगाबादेस दाखल झाला. शहरास संभाजी महाराजांचे नाव मिळाले ते २०२३ साली. खडकी वसविणारा अंबर, औरंगाबाद म्हणविणारा औरंगजेब आणि संभाजी महाराज, या तिघांचीही आठवण त्या एका खडकापाशी येते.

होडीवाल्याने दिलेला पाऊण तास संपला. परतल्यावर दोघांनी राजपुरीजवळ खोकरी येथील सिद्द्यांचे दगडी घुमट पाहिले. त्यांतील मोठा घुमट सुरुलखानाचा. त्या शांत जागी यजमानांस खुलताबाद आठवले. तेथे अंबराची कबर आहे आणि औरंगजेबाचीही. एकाने दुसऱ्याच्या घराण्याशी आयुष्यभर झुंज दिली, आणि दोघे अखेर एकाच गावच्या मातीत निजले. संभाजीनगराहून खुलताबाद पाऊण तासाची वाट; पण अंबराच्या कबरीपाशी हे दांपत्य कधी थांबलेच नव्हते. वेरूळला जाताना मोटार नेहमी तेथून पुढे निघून जाई.

संध्याकाळी मुरूडच्या वाळूत दोघे बसली. समुद्रात शिवछत्रपतींचा पद्मदुर्ग मावळत्या उन्हात दिसत होता. बाईंनी लाटेत पाय बुडविले, ओंजळभर पाणी उचलले आणि परत सोडून दिले. इतके पाणी, आणि त्यातले घोटभरही पिण्याजोगे नाही! पंचवीस वर्षे हंडे-कळश्या भरून ठेवणाऱ्या त्या हातांकडे यजमान पाहत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “फार उशीर केला मी तुला इथे आणायला.”

“आणलेत ना?” बाई म्हणाल्या. “समुद्र पाहिला. आता आपले गाव दाखवा.”

त्या मागणीस पैसा लागत नव्हता, आणि रजाही लागत नव्हती. परतल्यावर पहिल्याच रविवारी पाणचक्की आणि नहर, दुसऱ्या रविवारी खुलताबाद, असा बेत तेथेच वाळूत बसून ठरला.

दूरच्या प्रवासाचे मोल केवळ दूरचे पाहण्यात नसते. रोजच्या वाटेवरील वस्तू आणि रोजच्या सहवासातील माणूस, ही दोन्ही फार जवळ असल्यामुळेच न्याहाळावयाची राहून जातात. ती पाहण्याची नजर एखाद्या दिवसाच्या भटकंतीने लाभली, तर वाटखर्च वाया गेला असे कोण म्हणेल?