वामनवृक्षासाठीं झाड कोठें शोधावें?

‘बोन्’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लावणी. या जपानी जोडशब्दाला मराठींत ‘वामनवृक्ष’ असें नांव लाभलें आहे. परंतु कोणतेंहि रोप लहान कुंडींत कोंबलें म्हणजे त्याचा वामनवृक्ष होत नाहीं. हातभर झाडांत शतायु वृक्षाचा भास व्हावयाचा, तर बुंधा तळाशीं रुंद व वर निमुळता हवा, आणि मुळें चोहोंकडे पसरून भूमि धरून बसलेलीं हवींत. असें झाड मिळवावें कोठून, हा या कलेंतील पहिला प्रश्न. आणि ऑस्ट्रेलियांत तो विशेष बिकट आहे.

रोग व कीड देशांत शिरूं नये म्हणून तेथें जिवंत रोपांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत. मुळांना माती चिकटलेली चालत नाहीं, आणि पुष्कळ रोपांना सरकारी देखरेखीखालीं विलग राहावें लागतें. जपानांतील जुना वृक्ष सहज आणतां येत नाहीं, तेव्हां तेथील रसिकाला स्वतःच्या पायांखालची भूमीच न्याहाळावी लागते.

आणि तेथें त्याला सांपडतें एक तण! ॲडलेडच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकांत ऑलिव्हची लागवड झाली. पुढें पक्ष्यांनीं बिया पसरल्या आणि तें झाड रानोमाळ माजलें. शेतकऱ्याला नकोसा झालेला तोच पीळदार बुंधा रसिकाला रत्नासारखा वाटतो. मात्र जमीनमालकाची परवानगी आधीं, कुदळ नंतर. राष्ट्रीय उद्यानांतील झाडाला हात लावणें तर गुन्हाच होय. हिंवाळा सरतांना, म्हणजे तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरांत, फांद्या छाटून खोड उपटलें, तर जुन्या लांकडालाहि नवे धुमारे फुटतात.

देशी झाडांत सिडनीच्या वालुकाश्म कड्यांवर उगवणारा ‘पोर्ट जॅक्सन फिग’ हा आपल्या वड-पिंपळांचा सगोत्र; तो छाटाच्या कलमानेंहि रुजतो. बँक्सिया मात्र मानी. स्फुरदयुक्त नेहमींचें खत तिला बाधतें.

रोपवाटिकेंत जाणाऱ्यानें पानांच्या शोभेस भुलूं नये. बोटानें वरची माती दूर सारून बुंध्याचा पाया पाहावा. मुळें एकमेकांभोंवतीं गुंडाळलेलीं असल्यास तें रोप खुशाल सोडावें.

निवड साधली तरी घाई नडते. कुंडींत वाढ मंदावते, म्हणून बुंधा जाड करावयाचा तो जमिनींतच. रोपाखालीं सपाट फरशी ठेवावी, म्हणजे मुळें आडवीं पसरतात. खालची एक फांदी मोकळी वाढूं द्यावी. तिच्या जोरावर बुंधा फुगला कीं ती कापून टाकावी. मग शेंडा छाटावा, नवा धुमारा वर न्यावा, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां तेंच. निमुळतेपणा येतो तो असा.

कॅनबेरा येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत, जें 2013 सालीं जनतेला खुलें झालें, देशी झाडांचे वामनवृक्षहि मांडलेले आहेत. पाहणारा त्यांच्यापुढें क्षणभर थबकतो. त्या क्षणामागें कोणाचीं तरी दहा-वीस वर्षें गेलेलीं असतात. आणि त्यांतलीं पहिलीं कित्येक वर्षें झाड कुंडींत नव्हतेंच, हें मात्र त्याला कोठेंहि दिसत नाहीं.