डांबराची भेग

२०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणून ओळखलें जाणारें छत्रपति संभाजीनगर कठीण दगडाच्या मुलुखांत वसलेलें आहे. वेरूळचीं लेणीं ज्या काळ्या पाषाणांत कोरलीं, त्याच जातीची खडी येथील रस्त्यांना लागते. तरीहि डांबरी रस्त्यांना भेगा पडतातच. दोष खडीचा नव्हे. जड वाहनांच्या चाकांखालीं डांबरी थर प्रत्येक वेळीं किंचित् वांकतो, आणि उन्हावाऱ्यानें डांबर वर्षागणिक कडक होत जातें. खालची काळी माती तर पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते.

हा थर किती तग धरील, हें आधीं ओळखण्यासाठीं अमेरिकेंत २०१९ सालीं एक परीक्षा प्रमाण ठरली. खडी व डांबर यांच्या मिश्रणाची १५० मिलिमीटर व्यासाची, ६२ मिलिमीटर जाडीची वडी २५ अंश सेल्सिअसवर कडेवर उभी धरून मिनिटास ५० मिलिमीटर वेगानें दाबतात. वडी मधोमध चिरते. खरी गंमत तेथून पुढें! अधिकांत अधिक भार किती पेलला यापेक्षां, तो नंतर कसा उतरला याला येथें महत्त्व. एकदम कोसळला, तर मिश्रण ठिसूळ. सावकाश ओसरला, तर चिवट. डांबर थोडें कमी घातलें, तर खर्च वांचतो व नुसत्या ताकदीची परीक्षा पुष्कळदां पारहि पडते. येथें मात्र तें बिंग फुटतें. तळची काळी माती चुना मिसळून सुधारलेली नसेल, तर खालून येणाऱ्या भेगेचें उत्तर या वडीपाशीं नाहीं.