शेरवूडचा मेजर ओक

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवूडच्या जंगलात एक पुराणवृक्ष आहे: मेजर ओक. वय अंदाजे ८०० ते १,००० वर्षं, बुंध्याचा घेर सुमारे ११ मीटर. मेजर हेमन रूक यांनी १७९० मध्ये पुस्तकात त्याचं वर्णन केलं. नाव त्यांच्यावरूनच पडलं.

बुरशीमुळे खोड आतून पोकळ झालं आहे. या ढोलीत दंतकथेतला दरोडेखोर रॉबिन हूड साथीदारांसह लपायचा, असं लोककथा सांगते. खरं तर त्या काळी हा ओक तरुणच असणार, माणसं मावतील एवढी ढोली कुठली? तरी कथेच्या ओढीने लोक येत राहिले. त्यांच्या पावलांनी मुळांवरची माती घट्ट झाली, पाणी मुरेना. म्हणून १९७० च्या दशकात कुंपण घातलं. जड फांद्यांना टेकू दिले आहेत. कधी तिथे गेलात, तर कुंपणाबाहेरूनच त्याला डोळे भरून पाहा.