खिळ्यांची शय्या



कामगार चळवळीतला माणूस म्हणजे संप आणि बोनस यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असेल. मी आज एका टाचणीएवढ्या वस्तूविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. हा विषय मी शिकलो तो एका नोटिशीमुळे.

आपल्या घरच्या विजेच्या मीटरात, धुलाईयंत्रात सर्किट बोर्ड असतो. तो तयार झाला की तपासावा लागतो. त्यासाठी काच-इपॉक्सीच्या जाड पाटीला नेमक्या जागी भोके पाडून त्यांत शेकडो पिना उभ्या करतात. हेच फिक्स्चर, कारखान्यात त्याला खिळ्यांची शय्या म्हणतात. भीष्माचार्यांची आठवण व्हावी, पण येथे प्रत्येक बाण स्प्रिंगवर आहे. बारीक नळी, तिच्या पोटात स्प्रिंग आणि वर खाली-वर होणारी दांडी. नळीभोवती आणखी एक खोबण असते, म्हणजे झिजलेली पीन उपटून नवी बसवता येते. तारा सोडवाव्या लागत नाहीत.

एका नेहमीच्या पिनेची चाल सुमारे ६ मिलिमीटर. ती दोन-तृतीयांश दाबावी. कमी दाबली तर स्पर्श कच्चा, तळाला टेकवली तर स्प्रिंग मरते. एका पिनेचा जोर २०० ग्रॅम धरा. ३०० पिना म्हणजे ६० किलो! दांड्यामुळे हाताला हे ओझे कळत नाही, बोर्डाला कळते. खाली आधार नीट नसेल तर बोर्ड वाकतो आणि त्यावरचा चिनी मातीचा कपॅसिटर तडकतो. ती तडक डोळ्यांना दिसत नाही. ती पुढे गिऱ्हाइकाच्या घरी बोलते.

२०१७ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणीवरच्या तीन मुलींना हलगर्जीपणाची नोटीस मिळाली. त्यांच्या हातून चांगले बोर्ड नापास होतात, दांडा पुरता ओढत नाहीत, असा आरोप. मुली म्हणाल्या, "काका, आम्ही रोज ओढतो तसाच ओढतो." मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. टूलरूममधल्या एका जुन्या फिटरकडे चार रविवार बसलो, तेव्हा वर सांगितले ते कळले.

बैठकीत मी एकच मागणी केली : एक पास झालेला बोर्ड घ्या आणि दांडा व्यवस्थापकसाहेबांनीच ओढावा. साहेब सज्जन होते, त्यांनी ओढला. वीस वेळांपैकी सात वेळा तो बोर्ड नापास! आणि दर वेळी चूक एकाच कोपऱ्यात. भिंग लावून पाहिले तर तिथल्या सहा पिनांची टोके बोथट झालेली, वर डाक लावताना वापरलेल्या फ्लक्सचा काळा थर. झाकण बिजागरीचे, ते तिरपे उतरे, म्हणून बिजागरीकडच्या पिनांवर आधी आणि आडवा दाब पडे. झाकण सरळ खाली उतरणारे करायला हवे होते. ते महाग पडते, म्हणून केले नव्हते. पिना किती वेळा दबल्या, याची नोंदही कुणी ठेवली नव्हती.

दोघींच्या नोटिशी मागे घेतल्या. तिसरी तोवर कमी पगारावर दुसरीकडे लागली होती. तिला परत आणता आले नाही, याची खंत मला आहे.

पुढे प्रत्येक पाळीला पिना ब्रशने साफ करायच्या ठरल्या. त्याला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरायची की जेवणाच्या सुट्टीत, यावर मात्र आणखी तीन बैठका झाल्या. शेवटी ती कामाच्या वेळेत धरली गेली.