काय ठेवायचं, काय कापायचं

थंडी पडली की रविवारी पहाटे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांमध्ये मोठमोठ्या लेन्स दिसू लागतात. कुणी हडपसर ओलांडून कवडीला मुळा-मुठेच्या काठी उतरतं, कुणी शंभरेक किलोमीटर पुढे भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर जातं. पूर्वी 36 फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरावा लागे. आता एका सकाळीच हजार फोटो निघतात. तरी संध्याकाळी संगणकासमोर बसल्यावर तक्रार ऐकू येते, की पक्षी अगदी स्पष्ट आलाय, पण फोटो काही मनात भरत नाही. बरीच वर्षं हा छंद केल्यावर माझं मत असं झालं आहे, की अशा वेळी दोष लेन्सपेक्षा चौकटीचा जास्त असतो.

चौकटीची पहिली गोष्ट म्हणजे पक्ष्याची नजर. आपण फोकस साधायला पक्षी मधोमध धरतो आणि तो तसाच मधोमध राहतो. खंड्या पाण्याकडे टक लावून बसला असेल, तर त्याच्या चोचीपुढे आणि खाली जागा हवी. म्हणजे पाहणाऱ्याची नजरही त्याच्याबरोबर पाण्यात उतरते. उडणाऱ्या बगळ्यालाही पुढे जायला वाट हवी. शेपटीमागे मोकळं आकाश आणि चोच कडेला टेकलेली, असं झालं की पक्षी भिंतीवर आपटणार असं वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्या उंचीची. काठावर उभं राहून खाली चिखलात चालणाऱ्या शेकाट्याचा फोटो काढला, तर पक्षी आणि चिखल एकमेकांत मिसळतात. तेच खाली बसून, जमल्यास पोटावर पडून काढला, की मागची जमीन दूर जाते, पुसट होते आणि लांब गुलाबी पायांवरचा तो पक्षी उठून दिसतो. कपडे मळतात, पण ते धुता येतात.

आता क्रॉप करण्याविषयी, म्हणजे फोटोच्या कडा छाटण्याविषयी. त्याचं गणित सोपं आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 गुणिले 4000 ठिपके. लांबी आणि उंची दोन्ही निम्मी केली, तर 3000 गुणिले 2000, म्हणजे 6 मेगापिक्सेल उरतात. एक चतुर्थांशच! तरीही त्यातून 10 इंच लांबीचा उत्तम छापील फोटो मिळतो. मात्र पक्ष्याबरोबर हललेपणा आणि दाणेदारपणाही मोठा होतो, म्हणून मूळ फोटोत डोळा लख्ख असायलाच हवा. कापताना पाय घोट्यात तोडू नयेत. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत दिसणाऱ्या स्वर्गीय नर्तकाची लांब शेपटी अर्ध्यात कापण्यापेक्षा चौकट उभी करावी. पाण्यातलं प्रतिबिंब ठेवायचं तर पूर्ण ठेवावं.

या गणिताला माझ्या लेखी मोठं मोल आहे, कारण ते पक्ष्यांना उपयोगी पडतं. भिगवणला कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्यांतून आपण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला जातो. होडी थव्याजवळ आली की मागून हमखास आवाज येतो, "दादा, अजून थोडं पुढे घ्या ना!" रोहित तेव्हा मान खाली घालून, चोच पाण्यात उलटी धरून खाणं गाळत असतात. एकेक मान वर उठू लागली आणि थवा पलीकडे चालू लागला, की समजावं, आपण फार जवळ आलो. आणखी पुढे गेलं तर थवा उडतो. उडण्याचा फोटो छान येतो, पण खाणं सोडून उडायला लावण्याची किंमत पक्षी मोजतो. तिथेच थांबा. 6 मेगापिक्सेल पुरतात, हे ठाऊक असलेला माणूस होडी पुढे न्यायला सांगत नाही. घरट्याजवळ तर जाऊच नये. आणि काही वेळा काहीच कापू नये. पहाटेचं धुकं, लांबवर थव्याची एक गुलाबी रेघ, बाकी सगळं पाणी, हाही पक्ष्याचाच फोटो आहे.

आता कवडीकडे वळू. इथे नदी येते ती सगळं शहर पोटात घेऊन. फेस, जलपर्णी, काटक्यांना लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. आणि त्याच पाण्यात लडाख-तिबेटकडून आलेली चक्रवाकाची केशरी जोडी. हात आपोआप पिशवी कापायला जातो. फोटोग्राफीच्या तीन मोठ्या जागतिक संस्थांनी 2014 साली निसर्गछायाचित्राची एक व्याख्या ठरवली. तिच्यात क्रॉप चालतो, पण चित्रातली वस्तू पुसणं किंवा नवी घालणं चालत नाही. माणसाच्या खुणाही नकोत, असं ती म्हणते, मात्र त्या निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असतील तर चालतात. मला वाटतं, कवडीची पिशवी ही त्या गोष्टीचाच भाग आहे.

स्पर्धेसाठी, भिंतीवर लावण्यासाठी जवळून कापलेला फोटो जरूर करा. त्यात गैर काही नाही. पण पुण्यातले सगळेच फोटो असे कापले गेले, तर आणखी वीस वर्षांनी ते पाहणाऱ्याला वाटेल, मुळा-मुठा किती निर्मळ होती! नदीसाठी बोलणाऱ्यांच्या हाती तेव्हा पुरावाच उरणार नाही. म्हणून माझी एक पद्धत आहे. मूळ फोटो कधीही पुसायचा नाही, त्यावर तारीख आणि जागा लिहायची, आणि एकाच पक्ष्याच्या दोन प्रती करायच्या. एक पक्ष्याची, दुसरी तो राहतो त्या जागेची. कुणाला दाखवायच्या तर दोन्ही दाखवायच्या.

आज रविवार आहे. जुन्या फोटोंतले दहा उघडून बसा. पक्षी कुठे पाहतोय ते बघा, त्या बाजूला जागा द्या, मग कडा आत घ्या. आणि कापून टाकलेल्या भागात काय गेलं, तेही एकदा नीट पाहून घ्या.