तालीम आणि प्रयोग



युनियनच्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण हा विषय आम्ही ठेच लागून शिकलो.

आमच्या युनियनने सभासदांसाठी वेबसाइट करून घेतली. तिच्यावर वर्गणीची नोंद होई आणि सभेचे निरोप मोबाइलवर जात. ती करणाऱ्या मुलाने निरोपाची सोय तपासण्यासाठी आपल्या संगणकावर सहज लिहिले, 'उद्या काम बंद'. निरोप खरोखरच सभासदांना गेला! तालमीच्या प्रतीत खरी यादी आणि निरोप धाडण्याची खरी किल्ली तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी कितीतरी कामगार घरी बसले. त्यांचा रोज बुडाला. कार्यकारिणीत एकच आवाज उठला : पोराला काढा.

आम्ही म्हटले, थांबा. जाळी नसलेल्या यंत्रात बोट गेले, तर आपण मालकाला जाब विचारतो. येथे मालक आपणच आहोत.

अमेरिकेतले उदाहरण पाहा. नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीने नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. एक राहून गेला. त्यावर २००३ पासून न वापरलेला जुना भाग पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच तो जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. २०१३ साली सरकारी नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला, तो कंपनीला. दुसऱ्या माणसाने काम तपासावे, असा लेखी नियमच तेथे नव्हता.

मग उपाय काय? नाटकाची संहिता तालमीत आणि प्रयोगात एकच असते. थिएटर मात्र वेगळे. तसाच प्रोग्राम दोन्हीकडे एक ठेवावा. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, किल्ल्या या सेटिंग्ज प्रोग्रामात न लिहिता प्रत्येक यंत्राला त्याच्या त्याच्या बाहेरून द्याव्यात. तालमीच्या यंत्राजवळ खरी किल्ली असूच नये. बिघाड होताच आतली माहिती पडद्यावर मांडणारी सोय तालमीत उपयोगी. प्रयोगात ती बंदच हवी. आणि नवी आवृत्ती हाताने एकेका सर्व्हरवर न चढवता एकाच ठरलेल्या रीतीने सगळीकडे चढवावी, सगळीकडे तीच पोचली का ते तपासावे, आणि बिघडल्यास जुनीवर परतण्याची वाट मोकळी ठेवावी.

आम्ही बुडालेला रोज युनियनच्या फंडातून भरून दिला. मुलगा कामावर राहिला. ही सारी व्यवस्था त्यानेच बसवली.

आपल्यापैकी कोणी पतपेढीचे, कोणी शाळेचे चालक असाल. वेबसाइट करणाऱ्याला उद्याच विचारा : आमच्या किल्ल्या कोठे आहेत? तालमीतून खऱ्या माणसांना निरोप जाऊ शकतो का? चढवलेले काम दुसरे कोण पाहते? उत्तर मिळाले नाही, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला वेळ आणि जोडीदार द्या.