भिंत पट पाहून लहान होत नाही



मूल फाटकाच्या आत गेलं की आईबाप निर्धास्त होतात. पण शाळेला फाटकच नसेल तर? इंदूरबाहेरच्या एका गावातली प्राथमिक शाळा मी पाहिली आहे. तिच्या अंगणातून ट्रॅक्टर जातात. मधल्या सुटीत तिथल्या बाई डबा न उघडता रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात.

शाळेला भिंत किंवा कुंपण हवं, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलेलं आहे. पैशाचं मात्र गणित वेगळं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत सरकारी शाळेचं वार्षिक अनुदान पटावर ठरतं: 30 मुलांपर्यंत 10 हजार रुपये, 100पर्यंत 25 हजार, 250पर्यंत 50 हजार, हजारपर्यंत 75 हजार, त्यापुढे एक लाख. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच. वीस मुलांच्या शाळेला दहा हजारांत भिंत कशी बांधता येणार? पट कमी म्हणून अंगणाचा घेर काही कमी होत नाही. हा निकष बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीसारखं मोठं काम वार्षिक आराखड्यात वेगळं मागावं लागतं. मंजूर झालं तर केंद्र साठ टक्के देतं, राज्य चाळीस. ही मागणी उभी राहते यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी फॉर्मच्या, माहितीवर. त्यात भिंतीचा रकाना आहे: पक्की, पक्की पण मोडलेली, तारेचं कुंपण, काहीच नाही. मोडक्या भिंतीपुढे कुणी नुसतं ‘पक्की’ लिहिलं, तर कागदावर ती शाळा सुरक्षितच ठरते.

25 जुलै 2025 रोजी माळव्याला लागून असलेल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं. सात मुलं गेली. तेव्हापासून ‘दुरुस्ती’ हा शब्द मला हलका वाटत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. पुढच्या बैठकीत यूडायसचा फॉर्म मागून घ्या आणि भिंतीसमोर उभं राहून वाचा.

इंदूरबाहेरच्या त्या गावात आयांनी तेच केलं. मग पदर खोचून सगळ्या अंगणाभोवती चालल्या आणि पावलं मोजून आकडा मागणीपत्रात घातला.